बोंगरेची जीभ आणि तरंगतं अंडं

कोरियातल्या दाम्यांगजवळच्या एका गावात कुणाच्या घरचा सोयासॉस बिघडला की बोंगरेला बोलावणं जायचं. ती बोट बुडवायची, जिभेवर टेकवायची आणि निकाल द्यायची. चौऱ्याहत्तरीत तिचे गुडघे गेले, कानही जड झाले, पण जिभेचा तोरा तसाच.

अंगणात तिचे बत्तीस रांजण. त्यातला बुटका रांजण सासूच्या सासूपासूनचा. आटेल तेवढी भर दर वसंतात त्यात पडते, तीही तीन वर्षं मुरलेल्या सॉसची, म्हणून तो कधी रिकामा होत नाही. भर खारट पडली, तर मात्र शंभर वर्षांची चव एका सकाळी मातीत.

सून सोंगी सोलमध्ये डिझाइनचं काम करायची. गावी परतल्यावर तिने कुंभाराकडून रांजणांची झाकणं नव्याने घडवून घेतली. दिसायला जुनीच, पण आत यंत्र. पाऊस यायच्या बेतात असला की फोन वाजायचा. नजर लागू नये म्हणून रांजणावर कागदाचा कापलेला पायमोजा उलटा चिकटवतात, तोच मोजा तिने विकायच्या बाटलीच्या लेबलवर काढला.

"रांजणांना फोन आले," बोंगरे म्हणाली, "उद्या पगार मागतील." पण फोन वाजला की गुडघे धरून झाकणं लावायला पहिली निघायची तीच.

ज्यात सॉस मुरतो त्या मिठाच्या पाण्यात मीठ किती, याचे आकडेही सोंगी दर वर्षी टिपून ठेवायची. शेकडा एकोणीस, मग एकवीस, मग तेवीस. बोंगरेने पाण्यात अंडं तरंगवून मीठ बघायचं सोडलं आणि सगळं जिभेवर सोपवलं, तेव्हापासूनची ही चढण. पहिला खारट रांजण यंदा बुटक्यात ओतायचा होता. सोंगीची झोप उडाली. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात, सॉस घालायला शुभ मानलेल्या घोड्याच्या दिवशी, नवं मीठपाणी झालं. बोंगरेने चाखलं.

"अळणी आहे गं. टाक अजून दोन ओंजळी."

सोंगीने मोजायचं यंत्र खिशातच ठेवलं आणि अंडं पुढे केलं. "अहो आई, ते अंड्याचं कसं बघतात, एकदा शिकवा ना मला."

"सोलच्या कॉलेजात नाही शिकवलं?" बोंगरे खूश झाली. "पाचशे वॉनच्या नाण्याएवढंच अंडं वर दिसलं पाहिजे. जास्त वर आलं, तर मीठ जास्त. बघ."

अंडं नाण्याहून बरंच मोठं वर दिसलं. बोंगरेने दुसरं सोडलं. तेही तसंच. तिने पुन्हा बोट बुडवून चाखलं. तिला पाणी अळणीच लागलं.

"किती वर्षं चाललंय हे?"

"तीन."

"आणि तू गप्प बसलीस?"

"धीर झाला नाही, आई."

बोंगरेला राग आला, लाजही वाटली. काय जास्त, हे तिचं तिलाही कळेना. "ओत पाणी," ती एवढंच म्हणाली. अंडं नाण्याएवढं उरेपर्यंत सोंगी ओतत राहिली.

मग बोंगरेने बुटक्याचं झाकण काढलं, चमचाभर सॉस घेतला आणि सुनेच्या तोंडापाशी धरला.

"यंदा यात भर घालायची नाही. पुढे काय घालायचं, ते तू ठरवायचंस. माझ्या सासूनेही एकदा असाच चमचा भरवला होता मला. माया करतेय, असं वाटलं होतं तेव्हा. खरं कारण आज कळलं."

सोंगीने चाखलं. तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय?" बोंगरे म्हणाली. "कसं लागतंय ते सांग मला."