माझं पोटॅशियम

दुखणं एकदाचं बरं होतं, पण त्याचे किस्से काही अंगावरून उतरत नाहीत. कुणी भेटायला आलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एक सांगतात. मी त्यात दुरुस्ती करते. मग त्या दुरुस्तीचाच नवा किस्सा होतो!

सुरुवात पायांपासून झाली. आम्ही तिसगावला; हे तिथल्या शाळेत मास्तर. खाली बसले की मला उठता येईना. दहा महिन्यांच्या चिमीला उचलायला जावं तर हात नुसते लोंबायचे. उचललं नाही म्हणून ती रडायची, ती रडते म्हणून मी.

आत्याबाई म्हणाल्या, "लई शिकल्यावर असंच हुतं. हाडं मऊ पडत्यात!"

मी मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. तेवढ्यानं पडतील? तरी रात्रभर विचार केलाच.

*

तहान तर विचारू नका. दुष्काळाचं वर्ष, टँकरपुढे अख्खं गाव रांगेत, आणि मी एकटी माठ संपवायची. मग भिंत धरत धरत मोरी गाठायची. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "मास्तरीणबाई, पानी पिता का साठिवता?"

*

एक दिवस लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली. मांड्यांना पातळ टेकलेलं सोसेना. गावच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, परत बघितलं आणि मशीनलाच चापट मारली. "या वयात एवढं नसतं, मशीन बिघडलंय!"

खात्रीसाठी तेच आत्याबाईंना लावलं. अगदी नॉर्मल!

"बघा," आत्याबाई म्हणाल्या, "मशीनला मानूस कळतंय."

*

शेवटी नगरच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला पुण्याला गेलं. उत्तर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झालीय. ती नको तेवढा रस सोडते, म्हणून शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ते फार कमी झालं की स्नायू ढिले पडतात, मग फुटायला लागतात. तो काळा रंग त्यांचाच. आणखी उशीर केला असता तर हृदयच थांबलं असतं."

मी गार. चिमीचं कसं होईल, एवढंच डोक्यात.

आत्याबाईंनी एकच शंका काढली. "टोपी हिच्या म्हायेरची का आमच्याकडची?"

*

पोटॅशियमचं औषध म्हणजे खारट, कडू, जीभ सोलणारं. मी तोंड फिरवलं की हे वर्गात बोलावं तसं बोलायचे. एकदा म्हणाले, "एवढं काय त्यात? हे बघ!" आणि स्वतः चमचाभर प्याले.

मग तासभर बोललेच नाहीत. साऱ्या दुखण्यात तेवढाच एक तास निवांत गेला!

*

आत्याबाई चिमीला घेऊन गावी गेल्या आणि ओट्यावर सांगितलं, "सुनेला पोटॅशी का काय म्हनत्यात, त्ये झालंय."

गावानं ऐकलं 'पोटुशी'!

पुढच्या एसटीनं काकू हजर. पिशवीत चिंचा, आवळे, कैरीचं लोणचं. "अगं, पहिली अजून पाळन्यात, आन् लगीच?"

मी उशीवरून ओरडले, "काकू, पोटुशी नाही हो, पोटॅशियम!"

काकू हळूच म्हणाल्या, "आत्तापास्नं नाव ठरवू न्हाई, बाई."

*

पुण्याला गाठ काढली. घरी आले तर चिमी मला ओळखेना! मी हात पुढे केले की आत्याबाईंच्या पदराआड. आठवडाभर मी लांबूनच खुळखुळा वाजवत बसले. बरी तरी कशाला झाले, असंही वाटून गेलं.

दीड महिन्यानं तपासणीला आम्ही तिघी नगरला गेलो. स्टँडवर कंडक्टरनं घंटी खणकन वाजवली, चिमी दचकली आणि काही न बघता माझ्या साडीला बिलगली. मी वाकले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर न करताच विचारलं, "काय आजी, सुनेचं पोटॅशियम आता कसं आहे?"

आत्याबाई म्हणाल्या, "पोटाशी व्हय? पोटाशीच हाय की! स्टँडपास्नं खाली उतराया तयार न्हाई."