उजवीकडचा ब्रेक

माणसं ओळखायची आबांची एक स्वतःची रीत होती. माणूस बोलतो कसा, कमावतो किती, देवाधर्माचं काही करतो की नाही, यातलं काहीच ते विचारात घेत नसत. तो गाडी थांबवतो कशी, तेवढंच बघत. जोगेश्वरीच्या आमच्या बिल्डिंगीत त्यांचं घर पहिल्या मजल्यावर आणि खिडकी थेट गेटवर, त्यामुळे परीक्षेला बसल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. वरच्या मजल्यावरच्या मुलीला बघायला मुलगा आला, तेव्हा पोहे व्हायच्या आधीच आबांचा निकाल लागलेला. "पोरगा बरा आहे. लांबूनच वेग कमी करत आणला. पाठी बसलेली आई जराही हलली नाही." लग्न झालं आणि संसारही चांगला चालला आहे. माझ्या भावाने मात्र एकदा गेटात करकचून बाईक थांबवली, तर खिडकीतून लगेच आवाज आला, "ह्याला एवढ्यात कोणी मुलगी देऊ नका रे."

आबा लाल बसचे निवृत्त ड्रायव्हर. मूळचे मालवणकडचे, पण हयात गेली आरेच्या रस्त्यावर. शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे नवे ड्रायव्हर तयार करायला देत. शेजारी बसून ते मुलांचे पाय बघायचे, रस्ता बघायचेच नाहीत म्हणे. "रस्ता काय, आपल्या जागेवरच असतो. पाय बघायचा. पाय खोटं बोलला की लगेच कळतं." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, ते नेहमी मालवणीतच: "गाडी चलवूक खंयच्याय गाढवाक येता गो. थांबवूक येवक व्हयी!" चालवता कुठल्याही गाढवाला येतं, थांबवता आलं पाहिजे, हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की सायकल शिकताना मी आधी पडायलाच शिकले, थांबायची तीही एक पद्धत.

अशा माणसाच्या उजव्या बाजूला अर्धांगाचा झटका आला. फार मोठा नव्हता. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही महिन्याभरात जमायला लागलं, फक्त उजवा पाय जरासा मागून यायचा आणि उजव्या हाताची बोटं सांगितलेलं काम नाखुशीने करायची. व्यायाम म्हणून डॉक्टरांनी दाबायला मऊ रबरी चेंडू दिला. तो आबांनी दुसऱ्याच दिवशी खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय मांजर आहे खेळायला?" सून वृषाली खाली जाऊन चेंडू घेऊन आली, तर तो पुन्हा बाहेर. शेवटी तो बिल्डिंगीतल्या कुत्र्याकडे गेला आणि तिथे रमला.

वृषालीने मला हाक मारली ती त्या वेळी. तिचा नवरा महेश मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात ती, सासरे आणि पहिलीतली चिऊ. मी शेजारचीच, घरूनच नोकरी करणारी, आणि संध्याकाळी काम संपलं की मोबाइलवर गेम खेळते हे सगळ्यांना माहीत, त्यावरून आईची बोलणीही सगळ्यांना माहीत. "तुझ्या त्या मोबाइलवर बसचा गेम असतो ना गं? बोटांना तेवढाच व्यायाम," वृषाली म्हणाली. मी गेम लावून मोबाइल आबांच्या हातात दिला. त्यांनी काचेवर दोन-तीनदा बोट फिरवलं आणि परत दिला. "गुळगुळीत काचेवर काय चालवायचं? हाताला काही लागायला नको?"

म्हणून मी माझा कंट्रोलर आणला. दोन्ही हातांत मावणारा, बटणांचा, बिनवायरचा. तो मोबाइलला जोडायचा म्हणजे मधलं बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागतो, मग मोबाइलच्या ब्लूटूथच्या यादीत त्याचं नाव उमटतं, त्यावर बोट ठेवलं की दिवा स्थिर होतो. झालं. आमच्याकडे त्या यादीत अर्धी बिल्डिंग दिसते, कुणाचा टीव्ही, कुणाचा स्पीकर. आबांना तीच मोठी गंमत. "तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नवीन टीव्ही घेतला वाटतं. बोलले नाहीत मेले."

मी कंट्रोलर जोडला, आबांच्या हातात दिला आणि तो बंद पडला. पुन्हा जोडला, दिला, पुन्हा बंद. मी चार्जिंग बघितलं, मोबाइल बंद करून चालू केला, कंपनीला शिव्या दिल्या. माझ्या हातात उत्तम चालायचा आणि आबांच्या हातात गेला की मान टाकायचा. "माझा हात लागला की सगळं विझतं आता," आबा म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले. मग मी शहाण्यासारखी मोबाइलकडे बघायचं सोडून आबांकडे बघितलं. कंट्रोलर हातात आला की आबा दोन्ही हातांनी तो कपाळाला लावत, डोळे मिटत आणि मनातल्या मनात गावच्या रवळनाथाला हाक मारत. जन्मभर स्टिअरिंगला केलेला नमस्कार. आणि तेवढा वेळ त्यांचा अंगठा नेमका मधल्या बटणावर घट्ट दाबलेला असायचा. ते बटण असं धरून ठेवलं की कंट्रोलर बंदच होतो.

"आबा, आधी नमस्कार करा. जोडू नंतर."

"म्हणजे ह्याला देव चालत नाही?"

"देव चालतो हो. तुमचा अंगठा चालत नाही."

आबा इतके हसले की वृषाली स्वयंपाकघरातून धावत आली. झटका आल्यापासून त्या घरात तसं कुणी हसलं नव्हतं. त्यानंतर रोज संध्याकाळी आमचा क्रम ठरला, आधी नमस्कार, मग ब्लूटूथ.

दुसरं भांडण झालं ब्रेकवरून. गेममध्ये ब्रेक डाव्या बोटाला होता. "ब्रेक डावीकडे? कुठल्या देशातला शहाणा रे हा? डावीकडे क्लच. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाचं काम, ते उजव्या बोटालाच पाहिजे." मी सांगून बघितलं की आबा, उजवं बोट जरा सुस्त आहे, डावीकडेच सोपं जाईल. ऐकतील ते आबा कसले! मग मी सेटिंगमध्ये शिरून दोन्ही उजवीकडे एकाखाली एक बसवले. आबांची बस निघाली. स्टॉप आला की ते तोंडाने "चला, पुढे चला" म्हणत. चिऊ पाठी उभी राहून कंडक्टरसारखी टिंग-टिंग करायची. बोटं सुधारत होती, हे डॉक्टरांनीही मान्य केलं.

आणि तिथेच खरी पंचाईत सुरू झाली. गणपती जवळ आले होते. दरवर्षी गावी गाडी न्यायची ती आबांनी. महेश जहाजावर, रेल्वेची तिकिटं केव्हाच संपलेली, आणि घरचा गणपती चुकवणं त्यांच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. आबांनी गाडीची किल्ली बंडीच्या आतल्या खिशात घालून वरून सेफ्टीपिन लावली होती.

"तू सांग ना त्यांना," वृषाली माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली. "मी बोलले तर म्हणाले, सामानासारखा पाठी घालून नेणार काय मला? वर म्हणतात, गेममध्ये बस चालवतोय की. अगं, पाठी चिऊ बसणार आहे. घाटात काही झालं तर?" वृषालीकडे लायसन होतं, पण तिची धाव बाजारापर्यंत, तीही रविवारी.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. रोज जायचे, कंट्रोलर जोडून द्यायचे आणि न बोलता परत यायचे. गाडी गेली तर त्या माणसाचं काय उरेल, असं वाटायचं. आणि चिऊचा चेहरा डोळ्यांसमोर आला की वाटायचं, आजच सांगून टाकावं.

एका संध्याकाळी आबांची बस बाजाराच्या रस्त्याने चालली होती. कडेने एक बाई पिशवी घेऊन मध्येच रस्त्यात उतरली. आबांनी ब्रेक दाबला. बस गेली ती तिच्या अंगावरूनच गेली. पडद्यावर लाल अक्षरं आली, ती बाई पुन्हा उठली, पिशवी घेऊन चालायला लागली. चिऊ टाळ्या वाजवत म्हणाली, "आबा, आऊट!"

"दाबला होता मी," आबा म्हणाले. "वेळेवर दाबला होता. वायर नाही ना मध्ये. मी दाबला, पण निरोप उशिरा पोचला."

बिनवायरच्या वस्तूत थोडा उशीर होतोही. मी ती संधी सोडली नाही. "हो हो आबा, हा कंट्रोलर जुना झालाय. असंच करतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कंट्रोलर माझ्या हातात दिला. "तू चलव."

तोच रस्ता, तोच बाजार, तीच बाई. मी मनाशी ठरवलंच होतं. बाई उतरली, मी जरा थांबले, मग ब्रेक दाबला. बस तिच्यावरून गेली. "बघा," मी म्हटलं. "माझंही तेच."

आबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या बोटाकडे बघत होते.

"मुद्दाम ठोकलंस."

मी कंट्रोलर खाली ठेवायला गेले.

"बाय, जन्मभर दुसऱ्यांचे पाय बघितलेत मी. तुझं बोट तयार होतं. तू धरून ठेवलंस. आता खरी चलव."

मला पळून जावंसं वाटत होतं. मी खरी चालवली. बाई उतरली आणि बस तिच्यापासून चांगली हातभर अलीकडे थांबली. पाठीमागून चिऊ म्हणाली, "वाचली!"

आबांनी आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "गेममधली बाई उठली," शेवटी ते म्हणाले, अगदी हळू. "खरी उठत नाही गो." मग डाव्या हाताने बंडीची सेफ्टीपिन काढायला लागले. ती त्यांना एका हाताने निघेना. मी पुढे झाले तर मानेनेच नको म्हणाले. बराच वेळ लागला. किल्ली निघाली तशी त्यांनी ती मोबाइलच्या शेजारी ठेवली आणि वृषालीला हाक मारली.

ती कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

"गाडी तू न्यायची."

"मी? आबा, घाटातून? माझी वाट लागेल."

"उद्या सकाळी खाली ये. चालवायला नाही शिकवणार. थांबवायला शिकवणार."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, संकोच वाटला. पण इतका मोठा माणूस मी जवळून दुसरा पाहिलेला नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यांच्या हातून आयुष्यात कुणाला खरचटलंही नव्हतं. एका खोट्या बाईसाठी त्यांनी आपली खरी गाडी सोडली.

पुढचे सगळे दिवस सकाळी दोघं आरेत जायची. वृषाली घामाघूम होऊन परत यायची. तबेल्यांतून सुटलेल्या म्हशी बघून लांबूनच वेग कमी करायचा, उतारावर थांबायचं, वळणाआधी थांबायचं, विनाकारण थांबायचं. एकदा रडली तर म्हणाले, "रडूनही गाडी थांबत नाही हो. ब्रेकच मारावा लागतो." पण घरी आल्यावर मला खिडकीतून गुपचूप सांगायचे, "पाय बरा आहे तिचा. खोटा नाही."

निघायच्या दिवशी सगळी बिल्डिंग गेटवर उभी होती. आबा डाव्या बाजूला बसले, पट्टा लावला, आणि कुणाशी न बोलता समोर बघत राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी चिऊला टाटा करायचं निमित्त करून मागच्या खिडकीशी गेले.

पुढे दोन वर्षांनी आबा गावीच वारले, शांतपणे. पण मला आबा आठवतात ते त्या प्रवासातले, आणि त्या प्रवासात तर मी नव्हतेच. निघाले त्याच संध्याकाळी वृषालीचा फोन आला. हॅलो म्हटलं आणि पलीकडून नुसतं रडणं.

"काय झालं? वृषाली, कोण... चिऊ?"

"सगळे बरे आहोत गं. पोचलो," ती नाक ओढत म्हणाली. "घाटाच्या सुरुवातीला आबा प्रत्येक वळणावर पायाने खालची चटई दाबत होते. मग हळूहळू थांबले. मला वाटलं रागावले. वळून बघते तर काय, मान सीटला टेकलेली आणि घोरत होते. अगं, ते दुसऱ्याच्या गाडीत कधीच डोळा मिटायचे नाहीत. महेश चालवायचा तेव्हासुद्धा. आणि आज पुढचा अख्खा घाट झोपले."