पायाला ग्रहण लागलं नव्हतं

“फ्रॉक वर धर. पाय दिसला पायजे फोटोत.”

शाळेच्या मैदानावर मालक माईकवरूनच बोलले. मालक म्हणजे ज्यांच्या घरी आणि शेतात माझी माय राबायची, ते. मी चौथीत होते. त्यांचा वाढदिवस होता. दारव्ह्याहून फोटोवाला आणला होता आणि मला कुबड्या भेट देणार होते. मला कुबड्या नको होत्या. मी चालत होते. वाकडी, पण चालत होते. सगळ्या गावासमोर मी फ्रॉक गुडघ्याच्या वर धरला. पोरं हसली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

तो फोटो बसथांब्यावर मोठा करून टांगला. मालक हसत होते. माझं तोंड अर्धं कापलं गेलं होतं. पाय मात्र पुरा होता.

जन्मतःच माझं उजवं पाऊल आत वळलेलं. मी पावलाच्या कडेवर चालायची. तिथं जाड घट्टा पडला होता. उन्हाळ्यात तो फाटायचा, रक्त यायचं. माय तेल चोळायची आणि रडायची. मी पोटात असताना ग्रहणात तिनं भाजी चिरली होती. मालकीणबाई तिला म्हणाल्या होत्या, “तुह्याच हातानं पोरीचा पाय कापला तू.” आम्ही बौद्ध. घरात देव नाही, नवस नाही. तरी ते वाक्य मायच्या डोक्यातून निघालं नाही. विळीवर बसली की तिचा हात थांबायचा.

मी दहावीत असताना मालकांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. त्याचं पाऊल माझ्यासारखंच. तेच वळण. त्या घरात ग्रहणाचं नाव कोणी काढलं नाही. लगेच गाडी नागपूरला गेली. बाळाच्या मांडीपर्यंत प्लास्टर. दर आठवड्याला काढायचं, पाऊल थोडं सरळ करायचं, पुन्हा घालायचं. मग पट्टीला जोडलेले छोटे बूट. माय त्याचे लंगोट धुता धुता सगळं पाहायची. पुढं एक दिवस ते पोरगं अंगणात धावलं. माय घरी आली, जेवली नाही.

“त्याचा पाय सिधा झाला वं,” एवढंच म्हणाली.

मी तशीच मालकांच्या घरी गेले. मालकीणबाई ओसरीवर होत्या.

“त्याच्या पायाले डॉक्टर, अन् माह्या पायाले गिऱ्हाण काहून?”

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. सहज म्हणाल्या, “तुमच्या लोकाईले काय सांगाव? तुमी थोडीच जाणार होते नागपूरले?”

नागपूर कशाला? यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात हेच प्लास्टर फुकट घालतात. चौकशी करून मी मायला घेऊन तिथं गेले. डॉक्टरनं माझं पाऊल हातात घेतलं. “जन्मल्याबरोबर आणायला हवं होतं. आता हाडं घट्ट झालीत. ऑपरेशन करता येईल, पण पाय पूर्ण नीट होणार नाही.” मी मायकडं वळले. “ऐकलं ना? तुवा काही केलं नव्हतं.” तिनं ‘हो’ म्हणून मान हलवली, पण विळीवर तिचा हात थांबायचा तो थांबतच राहिला.

त्यानंतरच्या वाढदिवसाला मालकांनी मला पुन्हा बोलावलं. चाकाची खुर्ची देणार होते. माझं नाव पुकारलं. मी खालूनच ओरडले, “मी नाही येत. माहा पाय तुमच्या फोटोसाठी नाही.” टाळ्या वाजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मायचं काम सुटलं.

माय आता नाही. शेवटच्या दुखण्यातही ती माझं पाऊल चाचपायची. म्हणायची, “मले माफ कर, बाई.” तिला कोणीच समजावू शकलं नाही. मीही नाही.

आता कुठंही बाळ जन्मलं की मी जाते. दुपटं बाजूला करते, दोन्ही पावलं पाहते. परवा एका मजुराच्या घरी तान्ह्या पोरीचं पाऊल वळलेलं दिसलं. मी यवतमाळचं बोलले, तर बाळंतिणीची सासू भडकली. “गिऱ्हाणातलं हाय ते. तू नको येऊ. तुही सावली नको लेकरावर.” दार लावून घेतलं.

मी उंबऱ्यावर बसले. “पोरीले घेऊन यवतमाळच्या जीपमंदी बसत नाही, तवर मी रोज इथं येऊन बसीन.”

दार उघडलं नाही. काल गेले, आज गेले. उद्याही जाईन. शिव्या देऊ दे, पाणी फेकू दे. त्या पोरीची हाडं घट्ट व्हायच्या आत तिला दवाखान्यात नेणार. तोवर ते मला त्या दारातून उठवू शकणार नाहीत.