राणीनं नवीन टूलले नाही म्हटलं

मंडळी, आज सकाळी माह्या नातीच्या, राणीच्या हातचं काम गेलं. बाभुळगावच्या एका जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर ती बनवणार होती.

जिनिंगचा मालक फोनवर म्हणाला, "सॉफ्टवेअर बनवायचं नवीन टूल आलं, त्यात बनव." ही म्हणे, "आजवर ज्यात बनवलं त्यातच बनवीन."

मी चिडवलं, "काहून वं? जुनं तं या घरात मीच पुरे आहो!"

ती हसली नाही. "आजी, जुनं कुठं बिघडते ते मले माहीत आहे. नवीन मधेच बंद पडलं तं कापसाच्या गाड्या काट्यावर उभ्या, अन् मी शिकत बसू काय?"

मालकानं काम दुसऱ्याले दिलं. मले ना राग आला, ना रडू. दोघींनी चहा घेतला, चव समजली नाही.

मले अक्षर येत नाही, म्हणून हे बी तीच टाइप करून राह्यली. एरवी माहे टोमणे गाळते. आज जे म्हटलं ते तसंच लिहून राह्यली.

तुमच्यात कोणी हे काम करत असन तं सांगा, तिनं 'हो' म्हणायले पाहिजे होतं काय? उत्तरं तीच मले वाचून दाखवणार आहे, तवा जरा सांभाळून लिहा.