सिमेंटखालची माती

चार दिवसांपासून पुंजाजीचा पाय घरात ठरत नव्हता. हातात भाकर धरूनच तो नव्या शाळेच्या भिंतीपाशी जायचा, बोटानं ठोकायचा, कान लावायचा आणि न जेवताच परत यायचा.

मातीच्या भिंती घालण्यात पिंपळगाव राजाच्या पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गावची शाळा अजून मारुतीच्या ओसरीवर भरायची आणि त्याची मुलगी पंचफुला पायरीखाली उन्हात बसायची. बुद्धाची दीक्षा घेऊन आठ-नऊ वर्षं झाली, पण ती पायरी काही हलली नव्हती. पासष्ट साली पंचायत समितीनं सांगितलं, की गावच्याच मातीत अन् लाकडात थंड, हवेशीर शाळा बांधाल तर निम्मा खर्च सरकारचा, तेव्हा म्हणूनच मातीत कुटार, म्हणजे भुसा, टाकून चिखल तुडवायला सगळ्यांत आधी पुंजाजी उतरला. हातभर थर घालायचा, तो वाळला की मगच पुढचा.

पण ओव्हरशियर पाहणीला येणार म्हटल्यावर सरपंच हिंमतरावांना मातीची लाज वाटली. साहेबापुढे गावाचं नाक कापलं जाऊ नये, म्हणून चार दिवसांपूर्वी त्यांनी परमिटचं सिमेंट आणवून, वरचे थर पुरते वाळायच्या आधीच, सगळ्या भिंती गुळगुळीत करून टाकल्या.

"भित आतून ओली हाय, सरपंच. आता वाळन कशी? पावसात पडन," पुंजाजी म्हणाला.

"तुले काय समजते बे," हिंमतराव म्हणाले.

ओव्हरशियर आला. भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "काम छान आहे. पण हे सिमेंटचं. मातीच्या शाळेचं अनुदान याला बसत नाही." आणि त्यानं फाईल मिटली.

हिंमतरावांचा चेहरा उतरला. पुंजाजीनं कोणाला विचारलं नाही. त्यानं पहार उचलली आणि आपण घातलेल्या भिंतीवर आपणच हाणली. सिमेंटची खपली पडली. ओव्हरशियरनं भोकात बोट खुपसलं, बोटाला चिखल आला. मार्चअखेर तोंडावर होती, त्यालाही घाई होती. "माती आहे खरी," म्हणत त्यानं सही केली आणि जीपमध्ये बसला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चहा आला. पुंजाजीची पहार मात्र थांबेना.

हिंमतराव वैतागले. "आता काऊन फोडून राह्यला? सही झाली न."

"सही झाली, भित नाही झाली," पुंजाजी पाठमोराच म्हणाला. "पोरगी उन्हात बसते तं नुसती काळी पडते, सरपंच. हिच्याखाली बसली तं मरन."