‘दमसास’चा वर्धापनदिन आणि सचिनचं न झालेलं लग्न

मी धावण्यावरचं एक मासिक काढायचो आणि त्या सगळ्या काळात एक दिवस सोडला तर कधी धावलो नाही. संपादकाने विषयापासून थोडं लांब राहावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्याचं असं झालं. डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी पाटोद्याबाहेरच्या रस्त्यावर शंभरेक पावलं चाललो आणि दम खायला पुलाच्या कठड्यावर बसलो. समोरून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सुसाट पळत होती. त्यात माझा धाकटा भाऊ सचिनही होता. बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, एवढी पोरं रोज पळतात आणि यांना वाचायला काहीच नाही! दुसऱ्या दिवसापासून चालणं बंद केलं आणि मासिकाच्या तयारीला लागलो. नाव ठेवलं ‘दमसास’.

माझी बायको मंदा तेव्हाच म्हणाली, “अहो, पळणारी पोरं पळतील का वाचत बसतील?”

मी तिला म्हणालो, “तुला दूरदृष्टी नाही.”

(तिला होती. आता कबूल करायला हरकत नाही.)

छपाईचा प्रश्न माझ्या मामाने सोडवला. पाटोद्यात बाबूमामाची प्रेस आहे आणि तिथे जन्मभर फक्त लग्नपत्रिका छापल्या गेल्यात. मामा म्हणाला, “भाच्या, कागद तो कागद. दे मजकूर.” दिला. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आलं, त्यावर गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब आणि खाली सनईवाले. ‘छाती कशी फुगवावी’ या माझ्या लेखाला चारी बाजूंनी मुंडावळ्यांची किनार होती. मी कपाळाला हात लावला.

“मामा, हे काय?”

“शोभा हाय. त्याचे वायले पैसे न्हाई घेतले.”

दुसरा अंक गुलाबी जाड कागदावर आला आणि त्याला अत्तराचा वास होता. भरतीची पोरं अंक नाकाला लावायची आणि परत द्यायची. तरी मी हटलो नाही. मासिक कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी निघत राहिलं आणि न खपलेले गठ्ठे आमच्या पुढच्या खोलीत साठत राहिले. मंदाचं शिलाई मशीन त्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलं. ती एका हाताने भाजी हलवायची आणि दुसऱ्या हाताने ब्लाउज शिवायची. एकदा कुणाच्या तरी अस्तराला फोडणीचा वास लागला आणि गिऱ्हाईक तुटलं. त्या दिवशी ती पुढच्या खोलीत आली, गठ्ठ्यांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “पुढल्या महिन्यात तुमच्या मासिकाला वर्ष होतंय. एक शर्यत ठेवा. शंभर माणसं पळाली, तर मासिक ऱ्हाऊ द्या. न्हाई पळाली, तर मी रद्दीवाल्याला बोलावते.”

मंदा ओरडली असती तर मी घाबरलो नसतो. शांतपणे बोलली म्हणून घाबरलो. हसू नका, पण त्या मासिकावर माझा जीव होता. आयुष्यात सुरू केलेली आणि बंद न पडलेली ती माझी एकमेव गोष्ट होती.

मी कंबर कसली. शर्यत मांजरसुंब्यापासून कपिलधारच्या देवळापर्यंत ठरवली. सकाळी सहाची वेळ. शेवटी केळी आणि लिंबूपाणी. सगळ्यांत पुढे सचिन धावणार, म्हणजे मागच्यांना रस्ता कळेल. एवढं कागदावर लिहून मामाकडे दिलं आणि म्हणालो, “मामा, याचं एक झकास निमंत्रण काढ.”

“छापतो बी आन् वाटतो बी. तू निर्धास्त ऱ्हा,” मामा म्हणाला.

मी निर्धास्त राहिलो. छापलेलं निमंत्रण एकदा नजरेखालून घालावं, हे एका संपादकाला सुचलं नाही!

मामाने मजकुराशी इमान राखलं, फक्त तो सजवला. वर गणपती आणि कुलदैवत. मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. मग मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘चि. सचिन’. शेजारी सचिनचा फेट्यातला फोटो. (“पळतानाच्या फोटूत त्यो हाफचड्डीवर हाय. पत्रिकेवर बरं दिसतंय का?”) खाली ‘शुभमुहूर्त सकाळी सहा’ आणि ‘स्थळ कपिलधार’. केळी आणि लिंबूपाण्याच्या जागी ‘स्नेहभोजन’. सगळ्यात खाली आमच्या अख्ख्या भावकीची नावं. मधोमध, वेलबुट्टीच्या आत, बारीक अक्षरात शर्यतीचा मजकूर जसाच्या तसा होता. पण आमच्याकडे पत्रिकेचा मधला मजकूर वाचतो कोण? माणूस नाव बघतो, तारीख बघतो, जेवण कुठं ते बघतो आणि आपलं नाव खाली घातलंय का ते बघतो. मामाने पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि मोटरसायकलवर हिंडून, अक्षता देऊन, घरोघर ती पोचवली.

मामाने हिंडून पोचवली नाही तिथे व्हॉट्सअॅपने पोचवली. भावकीच्या ग्रुपवर पत्रिकेचा फोटो पडला आणि जो तो एकच विचारायला लागला, मुलीचं नाव कुठं हाय? नाव नाही म्हणजे भानगड असणार. पहाटेचा मुहूर्त, तोही गाव सोडून कपिलधारला? म्हणजे लव्ह मॅरेज! एरवी आमच्या घरच्या कार्याला ज्यांचे पाय दुखतात, गाडी पंक्चर होते, म्हैस अडते, ते सगळे आम्हाला एका शब्दाने न विचारता झाडून यायला तयार झाले. आमच्या घरातलं कुणीच भावकीच्या ग्रुपवर नाही. (तिथे मी ‘दमसास’ची जाहिरात रोज टाकत होतो म्हणून घरादाराला काढलं होतं.)

शर्यतीच्या सकाळी मी मांजरसुंब्याला उभा होतो. हातात शिट्टी आणि मनात धाकधूक, माणसं येतील का? आणि जीपा यायला लागल्या. जीपांमागून टेम्पो. टेम्पोतून नऊवारीतल्या बायका, फेटे बांधलेली माणसं, स्टीलचे हंडे, टॉवेल-टोप्यांच्या पिशव्या. सचिनच्या मित्रांनी बँजो आणला होता. माझे डोळे भरून आले. मी मंदाला म्हणालो, “बघितलंस? धावण्याचं वेड खेड्यापाड्यात पोचलंय!”

“पैठणी नेसून?” मंदा म्हणाली.

तेवढ्यात परळीची सरूआत्या टेम्पोतून उतरली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. देहाने भरभक्कम आणि आवाजाने त्याहून. काखेत आहेराचा हंडा.

“आरं, रात्रीपस्नं निघालेय मी. नवरी कुठं हाय?”

“आत्या, नवरी नाही.”

“पळून गेली?”

“नाही गं! पळायला तर आपण सगळे आलोय!”

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते तपासलं.

मग आमचे वडील अण्णा आले. अण्णांना मी नुसतं “कार्यक्रम आहे” एवढंच सांगितलं होतं. जीपमधून पाय खाली टाकतात न टाकतात तोच चुलतकाकांनी त्यांना मिठी मारली, “अभिनंदन, अण्णा! कावून लपवून ठेवलं आमच्यापस्नं?” अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कुणीतरी त्यांच्यापुढे मोबाइलवरची पत्रिका धरली. फेट्यातला सचिन बघून अण्णांनी तिथेच आरोळी ठोकली.

“सच्या! कोण हाय ती?”

सचिन बिचारा बूट बांधत होता. “कोण, अण्णा?”

“कुणाची पोरगी हाय? बापाला सांगायला लाज वाटली का बे?”

“अण्णा, शप्पथ, मी फक्त पळणार हाय!”

“पळणार? बघतोच तू कसा पळतो त्ये!”

मी दोघांच्या मध्ये पडलो आणि झाला प्रकार सांगून टाकला. मासिक, वर्धापनदिन, शर्यत, मामाची शोभा, सगळं. गर्दीने सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात मागून एक आवाज आला, “मंग जेवन?”

अण्णा लालबुंद झाले. पण लग्न खोटं निघाल्यापेक्षा त्यांना जेवण खोटं निघाल्याची लाज जास्त होती. “पत्रिकेवर जेवन छापलंय. माझ्या दारातनं माणूस उपाशी गेलं, तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाई मला!” त्यांनी तिथूनच ओळखीच्या आचाऱ्याला फोन लावला. कपिलधारला पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी, आत्ताच्या आत्ता. आचारी म्हणाला, थोडा वेळ लागंल. मग अण्णांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मंदाच्या मागे सरकलो.

एवढी माणसं तोवर कशी थोपवायची? मामाने बँजोवाल्यांचा माइक हिसकावला. “मंडळी, जेवन कपिलधारला हाय! जो आधी पोचंल, त्यो पयल्या पंगतीला!”

मंडळी, मी धावण्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. शरीराला काय द्यावं, मनाला काय सांगावं, सगळं. पण माणूस नेमका कशाने धावतो हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या पंगतीतली बुंदी गरम असते, दुसरीत ती गार होते आणि तिसरीत नुसता चुरा येतो, हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. मग सगळे एकदम जीपांकडे वळले.

आणि इथेच माझ्या नियोजनाचा एकुलता एक भाग कामी आला. शर्यतीसाठी मी एक ट्रॅक्टर आडवा लावून रस्ता बंद केला होता. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर किल्ली खिशात घालून केव्हाच कपिलधारकडे पळाला होता. (पहिली पंगत!)

मग जे धावले, सांगता सोय नाही! फेटे सुटले, पदर खोचले गेले, काका लोकांनी धोतरं गुडघ्याच्या वर घेतली. बँजोवाले वाजवत धावत होते. भरतीच्या पोरांना बायका कोपराने बाजूला सारत होत्या. सचिन सगळ्यात पुढे असायला हवा होता, पण त्याला दर वळणावर कुणी ना कुणी गाठायचं आणि दंड धरून विचारायचं, “खरं सांग, मुलगी कोण हाय?” त्याने शपथा घेतल्या, हात जोडले, शेवटी एका चुलतीपुढे तो रडकुंडीला आला.

मी? मी शिट्टी वाजवून तिथेच थांबणार होतो. पण अण्णांनी चप्पल काढली. “संपादक व्हतोस व्हय रं!” म्हणत ते निघाले आणि जन्मात पहिल्यांदा मी धावलो. घाट दिसला नाही, खड्डे दिसले नाहीत, दम लागलेला कळला नाही. माझ्याच लेखांमधलं एकही वाक्य मला आठवलं नाही. फक्त मागून चपलेचा वास येत होता.

पहिला नंबर सरूआत्याचा आला. हंड्यासकट. दुसरा माझा. तिसरा अण्णांचा, कारण त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. सचिन पोचला तेव्हा भांडी घासत होते.

पण जेवून उठल्यावर आहेराचं काय करायचं? आणलेला आहेर परत नेत नसतात. सचिन तर देवळाच्या मागे लपून बसला होता. शेवटी आत्याने मला आणि मंदालाच पाटावर बसवलं आणि लग्नाला इतकी वर्षं झालेल्या आम्हा दोघांना पुन्हा एकदा टॉवेल-टोपी, खण-नारळ आणि हंडे मिळाले. आमची दोन्ही पोरं समोर बसून टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर मी मंदापुढे छाती काढून उभा राहिलो. (कशी काढायची, ते पहिल्या अंकात होतं.) “शंभर म्हणालीस ना? शंभरच्या किती वर गेलं, विचार कुणालाही!”

मंदाने जरा विचार केला. “शब्द म्हंजी शब्द. मासिक ऱ्हाईल.”

माझे डोळे पुन्हा भरून आले. तिचे आभार मानायला शब्द शोधत होतो, तोच ती पुढे म्हणाली, “संपादक तेवढा बदलायचा.”

पुढचा अंक तिनेच काढला. मुखपृष्ठावर हंडा काखेत घेऊन धावणारी सरूआत्या, आणि आतल्या पानापानावर धावणारी अख्खी भावकी. प्रत्येकाला आपला फोटो हवा होता, त्यामुळे अंक हातोहात खपला आणि पुन्हा छापावा लागला. जुने गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले, पुढची खोली रिकामी झाली, मंदाचं मशीन परत आलं, आणि त्याच्या शेजारी आता ‘दमसास’चं कार्यालय आहे. जागा करण्यासाठी माझं टेबल फक्त बाहेर गेलं.

मला अगदीच काढलं, असं मात्र नाही. मी मामाला गळ घातली, की बाबा, संस्थापक म्हणून कुठंतरी माझं नाव राहू दे. मामाने शब्द पाळला. दर अंकाच्या शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, माझं नाव न चुकता असतं. मथळा आहे ‘किलबिल’, आणि त्याखाली मी, आमच्या दोन पोरांच्या नंतर.