खुर्चीमागची रांग

गावात नसलेल्या बाईच्या मागे गावाने रांग कशी लावायची? म्वेंदेने हा प्रश्न किशोरीला जिन्यात विचारला.

जेद्दाहच्या अल अझीझियात किशोरी दुसऱ्या मजल्यावर राहत होती. म्वेंदे तिसऱ्या मजल्यावर, घरमालकाकडे कामाला. केनियातल्या कितुई भागातली ही विधवा. तिच्या गावची नदी बहुतेक काळ कोरडी. म्वेंदेने बायका जमवून पात्रात बंधारा घातला. त्यामागे वाळू साठली आणि वाळूच्या पोटात पाणी टिकले. झरे पाळीपाळीने उकरायचे, पहिले पाणी लेकुरवाळीला, हा नियमही तिचाच. मग लागोपाठ पावसाने दगा दिला, शेळ्या मेल्या, आणि मुलांच्या शाळेसाठी तिला इथे यावे लागले.

२०२३ साली गावात पाणीसमितीचा प्रमुख निवडायचा होता. बायकांनी म्वेंदेचे नाव पुढे केले होते; समोरचा उमेदवार वाळूचा व्यापारी. वाळू गेली की पाणी गेले, हे वाळूउपशाने विहिरी आटलेल्या कोकणातल्या गावातून आलेल्या किशोरीला समजावून सांगावे लागले नाही. मतदान उघड्यावर होणार होते: हवा त्या उमेदवाराच्या मागे उभे राहायचे, मग डोकी मोजायची. दुसऱ्या कुणा बाईला उभे कर, असे किशोरीने सुचवले.

म्वेंदे हसली. “बाकीच्यांना नवरे आहेत, मॅडम. मला अडवणारा मेला, म्हणून मी पुढारी.”

मतदानाला गावी जायचे तर कफीलची, म्हणजे जिच्या-ज्याच्या जबाबदारीवर परदेशी कामगार इथे राहतो त्या मालकाची, संमती हवी होती. किशोरीने मालकिणीकडे शब्द टाकला. मालकिणीने खजूर पुढे केले, म्वेंदेच्या हाताची तारीफ केली आणि सून बाळंत झाली की बघू, म्हणाली. गुरुनाथ, किशोरीचा नवरा, त्याच मालकाच्या कंपनीत हिशेब पाहत होता. तो चिडला नाही.

“तिचा कफील तोच आपला कफील,” एवढेच म्हणाला. “पुन्हा वर जाऊ नकोस.”

ती गेली नाही.

मतदानाचे चित्रण म्वेंदेने तिला फोनवर दाखवले. बायकांनी एक खुर्ची मांडून तिच्यावर म्वेंदेचे अंगावर घ्यायचे रंगीत वस्त्र पसरले होते. खुर्चीमागची रांग बाभळींच्या पलीकडे गेली होती; व्यापाऱ्यामागची आखूडच होती. अधिकारी दोन्ही रांगांच्या कडेने चालत गेला आणि रिकाम्या खुर्चीमागची माणसे मोजता येणार नाहीत, म्हणाला. व्यापारी निवडून आल्याचे जाहीर झाल्यावरही बायका उन्हात तशाच उभ्या होत्या.

“हलल्या नाहीत, बघा,” म्वेंदे म्हणाली. तेवढ्यात वरून हाक आली. फोन पदराआड करावा तसा बाहीत सरकवून ती जिना चढू लागली, आणि किशोरी कठड्याला धरून उभी राहिली.

फेब्रुवारी २०२५ पर्यंत बंधाऱ्यामागची वाळू ट्रकांतून गेली होती. म्वेंदे तेव्हाही तिसऱ्या मजल्यावर कामाला होती.